बिघडलेला भात

आई म्हणायची, भाताला बुरा धरला
की समजावं बाई आळशी.
आता त्याच बुऱ्याचा मला पगार मिळतो.

किलोंबेरो नदीच्या अलीकडे पत्र्याची लांबोडी शेड.
पहाटे मी तांदूळ निवडते, धुते, अर्धवट शिजवते;
दाणा दाण्याला चिकटला तर फुल्गेन्स रागावतो.
पिशव्या भरायच्या, वाफेत ठेवायच्या, निववायच्या.
मग तो हातमोजे चढवून, श्वास रोखून
एकेका पिशवीत थोडं पाणी सोडतो,
पाद्रीबाबा बाळाच्या कपाळावर सोडतात तसं.
चौथ्या दिवशी पांढरी लव.
चौदाव्या दिवशी अख्खी पिशवी हिरवी,
शेवाळ्याहून गडद, पिठाहून हलकी.
तिचं खरं नाव तो सांगतो, लांबलचक;
माझ्या तोंडात ते अर्ध्यात मोडतं.
आमच्या स्वाहिलीत बुरशी आणि धुकं
दोघांना एकच शब्द, उकुंगू.
मला तेवढा पुरतो.

हे धुकं तिळाच्या तेलात कालवायचं,
काळ्या सुती कापडाला चोपडायचं
आणि कापड आढ्याखाली टांगायचं.
म्झे कासियान दारातूनच ओरडले,
"कोण गेलं गं, स्कोलास्टिका?"
कुणी नाही, म्हटलं. अजून जायचे आहेत.

आठवड्याने परत आले. दंड दाखवला.
"हे बघ, चावतायत. मरतायत कुठे?
फवाऱ्याने कसे पटापट पडायचे!"
पडायचे खरे. मग पडेनासे झाले.
फवारा तोच राहिला, डास शिकले.

त्यांना कसं सांगू, ही घाईची गोष्ट नाही.
डासीण रक्त पिऊन जड होते,
अंधार बघून कापडावर टेकते, घटकाभर.
पायाला हिरवा कण लागतो.
तिला पत्ता नसतो.
दुसऱ्या दिवशी ती उडते, तिसऱ्या दिवशी उडते,
आत कण रुजतो, मुळं सोडतो,
भूक मरत जाते तिची.
आणि तिच्याच पोटात, शेजारच्या वाफ्यात,
तापाचं बी वाढत असतं.
ते पिकायला बारा दिवस.
बुरा आठ दिवसांत कापणीला येतो.
चार दिवस.
एवढंच आमचं भांडवल.

प्रिस्का तीन वर्षांची होती.
देगेदेगे, म्हणाली सासू, पक्षी बसलाय पोरीवर,
आणि अंगणात धूर केला.
दवाखाना गाठला तेव्हा तिचे डोळे वर गेले होते.
पोर वाचली. डावा कान तिथेच राहिला.
आता डास त्या बाजूने आला
तर तिला ऐकूच येत नाही.

एक गोष्ट मी फुल्गेन्सच्या वहीत लिहिलेली नाही.
या डासिणी येतात कुठून? माझ्याच शेतातून.
पाणी मी अडवते, रोपं मी लावते,
चिखलात त्यांची पोरं माझ्या पोटऱ्यांभोवती वळवळतात.
तांदूळ तोच.
शेतात असताना त्यांना वाढवतो,
पिशवीत गेला की हिरवा होतो,
उरलेला आम्ही खातो, नारळाच्या दुधात.

काल प्रिस्काला खिडकीच्या फळीवर एक सापडली.
अंगभर हिरवी लव, पाय ताठ,
मेली तरी उभीच.
"आई, हिला स्वेटर कुणी घातला?"
काडेपेटीत ठेवलीय. रविवारी चर्चला नेणार म्हणते.

कापड आता कोरडं पडत चाललंय.
तीन आठवड्यांपुढे त्याचा भरवसा नाही, फुल्गेन्स म्हणतो,
आणि पुढच्या तेलाचे पैसे अजून आलेले नाहीत.
मच्छरदाणीचं भोक मी शिवते, उंदीर पुन्हा उसवतो.

दिवा मालवते.
प्रिस्काच्या डाव्या बाजूला झोपते.
काळ्यावर काळं काही टेकलं का, दिसत नाही.
एक, म्हणते मनात.
उद्या दोन.